कात्री लावायची नाही, असं ठरलं होतं

आमच्या रेडिओ केंद्राच्या संचालकांनी मला फसवलं. माझ्याबरोबर एका गाणाऱ्या मुलीलाही फसवलं, आणि तिचं नुकसान माझ्यापेक्षा मोठं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणाला उगाच वाटायला नको की काहीतरी गैरसमज झाला असेल. गैरसमज झालेला नाही. मी समोर बसून विचारलंय आणि त्यांनी समोर बसून, हसून उत्तर दिलंय.

माझा धंदा भंगाराचा. चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्याला माझी पत्र्याची शेड आहे. कंपन्या ज्या लेथ, प्रेस, मोटारी, पॅनेल टाकून देतात ते मी उचलते. दुरुस्त होण्यासारखं असेल ते दुरुस्त करून विकते, बाकीचं तोडते. आमचं घर इथल्याच जुन्या गावातलं, पण एमआयडीसी आली तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांचे बंगले झाले. आमची जमीन नव्हती. आप्पा बैलांची दलाली करायचे. मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं. बंद पडलेल्या एका वर्कशॉपचं भंगार मालकाशी भांडून भांडून मिळवलं आणि तिथून सुरुवात केली. मला कुणी हात धरून वर काढलेलं नाही. त्यामुळे माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आप्पांनी मला एकच गोष्ट शिकवली. चाकणच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आपलं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकायचा आणि त्या कापडाखाली दोघांची बोटं बोलायची. अमुक बोटं धरली की अमुक आकडा, बोटाच्या पेरावर दाब दिला की त्यात थोडी वाढ. भोवती गर्दी जमलेली असली तरी कुणाला काही कळायचं नाही, दोघांचे चेहरे दगडासारखे. आणि शेवटी पूर्ण पंजा दाबला की सौदा पक्का. मग बैल रस्त्यात लंगडला तरी तो मोडायचा नाही. बायकांना त्या बाजारात जागा नव्हती. पण माझ्या भावाला त्यात रस नव्हता, म्हणून दुपारच्या वेळी ओसरीवर बसून आप्पा माझा हात उपरण्याखाली घ्यायचे.

"सांग, किती मागतुया मी?"

मी त्यांच्याकडे बघून अंदाज करायची.

"न्हाई. त्वांडाकडं नगं बघूस. त्वांड खोटं बोलतंय. बोटं काय बोलत्यात त्येवढं ऐक."

पुढे भंगाराच्या धंद्यात मी पुष्कळ गोड तोंडं पाहिली. आप्पांचं वाक्य प्रत्येक वेळी खरं ठरलं.

पंक नावाचं ते गिटार-ड्रमवर ओरडून म्हणायचं संगीत, ते मला कुणी शिकवलं नाही. एका कंपनीतला परदेशी साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या घरातलं सामान मी घेतलं. फ्रिज, खुर्च्या, एक टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींनी भरलेली खोकी. टेपरेकॉर्डर चालतो का बघावं म्हणून हाताला आली ती कॅसेट घातली, तर शेडमधली कबुतरं उडाली. एक बाई ओरडत होती. भाषा कुठली तेसुद्धा कळलं नाही. पण ती भांडते आहे हे पहिल्या झटक्यातच समजलं, कारण भांडण मला कुठल्याही भाषेत समजतं. देवळात, लग्नात, रेडिओवर बाईचा आवाज मी आजवर गोडच ऐकला होता. ही बाई गोड नव्हती. गिटारीचे तीन-चार सूर, पत्रे हलतील असे ड्रम, आणि हातातला चहा गार व्हायच्या आत गाणं खलास. मी कॅसेट मागे नेऊन परत लावली. फ्रिज विकला, खुर्च्या विकल्या. खोकी ठेवून घेतली.

मग कळलं की अशी ओरडणारी पोरं आपल्याकडेही आहेत. जुने अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर, केबल शोधत ती माझ्याकडेच यायची. चिंचवडची, भोसरीची, देहूरोडची. कुणी आयटीत, कुणी कंपनीत कंत्राटी, कुणी नुसतंच घरी शिव्या खाणारं. घासाघीस करताना मी त्यांना विचारायची, वाजवता काय? ती लाजायची. मी म्हणायची, वाजवून दाखवा, मग भावाचं बघू. असं करत करत गुरुवारी माझी शेड त्यांच्या तालमीची जागा झाली. गुरुवारीच का, तर आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. सगळं जग रविवारी घरी लोळत असतं, तेव्हा आमच्याकडे भोंगे वाजत असतात.

ही पोरं कुठे वाजवायची? मंगल कार्यालयाच्या तळघरात, कुणाच्या गॅरेजात, एकदा तर रिकाम्या पोल्ट्रीत. हॉटेलवाले त्यांना उभं करत नव्हते. गणपतीची मंडळं म्हणायची, चालीत बसणारं काहीतरी म्हणा. रेडिओवर त्यांचा आवाज जाईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ते घुसलं होतं.

शहरात एका शिक्षणसंस्थेचं छोटं रेडिओ केंद्र आहे. एफएमवर आसपासच्या भागात ऐकू येतं, मोबाइलवर कुठेही. त्यांना जुनं सामान काढायचं होतं म्हणून मला बोलावणं आलं. संचालक स्वतः भेटले. कडक इस्त्रीचा कुर्ता, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि बोलणं साजूक तुपातलं. आत स्टुडिओत कुणीतरी मुरांब्याची कृती सांगत होतं.

"हे कोण ऐकतं?" मी विचारलं.

"आमचा श्रोता मोजका आहे, पण चोखंदळ आहे."

"म्हणजे कुणी ऐकत नाही."

ते हसले. राग आला नाही त्यांना, हे मला तेव्हा चांगलं लक्षण वाटलं. "मग ताई, तुम्ही काय ऐकवाल लोकांना?"

"भांडण," मी म्हणाले, आणि मोबाइलवरून पोरांचं एक गाणं लावलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण 'तळागाळातला आवाज' असं काहीतरी ते पुटपुटले. लगेच म्हणाले, "रविवार सकाळ देतो तुम्हाला. अहो, रविवारसाठी लोक भांडतात आमच्याकडे."

"रविवार नको. गुरुवारची दुपार द्या."

त्यांचा चेहरा असा खुलला, जणू लंगडा बैल खपला. गुरुवारची दुपार त्यांच्याकडे ओस पडलेली होती, जुने कार्यक्रम परत लावून ते वेळ भरायचे. मीही चेहरा पाडून बसले, जसं काही हलक्या मालावर समाधान मानते आहे. कामगारांच्या खोल्यांवर गुरुवारी दुपारी किती मोबाइल चालू असतात, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मानधन नको, जाहिरात नको, माझी एकच अट होती. ती मी सावकाश सांगितली.

"गाण्याला कात्री लावायची नाही. एखादं गाणं नको वाटलं तर अख्खं बाजूला ठेवा, माझी हरकत नाही. पण लावलं तर पुरतं लावायचं."

"मान्य."

"असं नाही. हात द्या."

खांद्यावरचा पंचा मी त्यांच्या हातावर टाकला आणि खालून पंजा धरला. त्यांना भारी गंमत वाटली. "वा! ही तर आपली लोकपरंपरा!" म्हणत त्यांनी ऑफिसातल्या माणसाला फोटो काढायला सांगितला. कापडाखाली त्यांनी माझा पंजा दाबला. चांगला दाबला. तो फोटो नंतर मोठा करून केंद्राच्या भिंतीवर लावला गेला. अजून तिथेच आहे.

कार्यक्रमाचं नाव मी 'खडखडाट' ठेवलं. निवेदन कसं करतात हे मला येत नव्हतं, म्हणून भंगार विकते तसंच गाणं विकायची. "हा माल नीट ऐकून घ्या, वरून गंजलेला वाटेल, आतली मोटार चालू आहे." परदेशी कॅसेटींतलं एखादं लावायची आणि पाठोपाठ आपल्या पोरांचं. गाण्यात शब्द कळले नाहीत तर मी सांगायची की हा गडी कुणाला शिव्या देतोय. फोनवर लोकांचे आवाज यायचे.

"ताई, जरा वाढवा की राव, शेजारचा अजून झोपलाय."

"आक्का, त्या पोराला घसा बसलाय का? हळदीचं दूध द्या त्याला." ही एक आजी होती. दर गुरुवारी ऐकायची आणि दर गुरुवारी हळदीचं दूध सांगायची.

एकाने विचारलं, "भाऊ, हे भजनाच्या वेळेला काय चालवलंय?" मी म्हणाले, "भाऊ नाही, बाई आहे. आणि तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, म्हणून फोन केलात." पलीकडून हसण्याचा आवाज आला. तो माणूस नंतर कायमचा श्रोता झाला. हवेवर भांडायला मला मजा यायची. आयुष्यभर मी भांडले ते पोटासाठी. इथे भांडण्याचं भांडणाखेरीज काही कारण नव्हतं.

ती मुलगी माइक घ्यायला आली होती. मूळची लातूरकडची. महाळुंग्याच्या बाजूला एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली होती, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर. बरोबर तिच्याच खोलीच्या आसपास राहणारी तीन पोरं, तिघेही कंत्राटी. त्यांचा बँड होता. मी माइकचा भाव चढवून सांगितला, तिने निम्म्यावर आणला. मी म्हटलं, ही आपल्या जातकुळीची. सौदा जमला म्हणून मी हात पुढे केला. तिने दिला, आणि माझ्या हातात अंगठा आला, शेवटची दोन बोटं आली. मधली दोन नव्हती. आप्पांच्या बाजारात तिला निम्मे आकडे बोलताच आले नसते, हे माझ्या मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली.

त्या प्रेसला एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. पण त्यामुळे काम मंदावतं, टारगेट पुरं होत नाही, म्हणून कुणीतरी तो काढून ठेवला होता. कुणी, ते तिला कधी कळलं नाही. कंपनीच्या लेखी एकच कारण होतं, कामगाराचा निष्काळजीपणा. सुपरवायझर भेटायला दवाखान्यात आला, नारळपाणी घेऊन, आणि खाटेशेजारी बसून प्रेमाने म्हणाला, लक्ष ठेवायचं असतं पोरी, हात जपायचे असतात.

त्याचं तिने गाणं केलं. सुरुवातीला ती त्या सुपरवायझरच्या आवाजात गाते, लाडीगोडीने, अंगाई म्हटल्यासारखं: लक्ष ठेव पोरी, हात जप पोरी, घरी आई वाट बघते, हात जप पोरी. हे असं तीन वेळा. ऐकणाऱ्याला वाटतं, काय गोड गाणं आहे. मग ड्रम कोसळतात आणि ती ओरडते: सेन्सर कुणी काढला? बाकी काही नाही, शेवटपर्यंत तेवढंच. सेन्सर कुणी काढला? सांग, सेन्सर कुणी काढला? माझ्या शेडमध्ये तिने ते पहिल्यांदा म्हटलं तेव्हा कटरवर काम करणारा माझा माणूस मशीन बंद करून उभा राहिला.

"हे रेडिओवर लावायचं," मी म्हणाले.

तिने माइक खाली ठेवला. मग म्हणाली, "लावा ताई. पर आख्खं लावा. आर्धं लावलाव तर ते त्येचं गाणं व्हईल, माजं ऱ्हाणार न्हाई."

"कात्री लागणार नाही. माझा शब्द आहे." आणि मी पंचा टाकून तिचा हात धरला. तिनं तीन बोटांनी दाबला. संचालकांच्या पंज्यापेक्षा जोर जास्त होता.

रेकॉर्डिंग केंद्राच्या स्टुडिओत झालं. संचालकांनीच आग्रह धरला, शेडमध्ये पत्रे वाजतात, आमच्याकडे आवाज स्वच्छ येईल. खरंच स्वच्छ आला. गुरुवारी मी गाणं पुरतं लावलं आणि लगेच फोनची लाइन उघडली. फोन सुरू झाले. नेहमीची थट्टा नव्हती. माणसं हळू आवाजात, खोलीतल्या बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं बोलत होती. आमच्याकडं पण काढलाय, ताई. आमच्या लाइनवर तर कधी बसवलाच नाही. एक जण नुसता म्हणाला, परत लावा. मी परत लावलं. हळदीच्या दुधाच्या आजीने त्या दिवशी विचारलं, "त्या लेकराचा हात कसा हाय आता?"

तो माझ्या कार्यक्रमाचा सगळ्यात चांगला दिवस. पुढे जे झालं त्यानंतरही मी तो दिवस कुणाला देणार नाही.

पुढे कंपन्यांचा सुरक्षा सप्ताह आला. या सप्ताहात गेटवर फलक लागतात, सगळ्यांना रांगेत उभं करून शपथ घ्यायला लावतात, घोषणांच्या स्पर्धा होतात. ती मुलगी तोवर दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला लागली होती. शपथ झाली आणि स्पीकरवर एक निवेदक म्हणाला, आता ऐकू या एका जखमी भगिनीचं कळकळीचं आवाहन. आणि तिचाच आवाज लागला. लक्ष ठेव पोरी, हात जप पोरी. खाली मंद बासरी. ड्रम नाहीत. गाणं तिथेच संपलं. टाळ्या झाल्या.

रांगेत शेजारी उभी असलेली तिला म्हणाली, "आवाज अगदी तुझ्यासारखा आहे गं." मग तिची नजर या मुलीच्या हातावर गेली.

म्हणजे बघा काय केलं ते. ज्या माणसाची नक्कल करून तिने त्याला उघडा पाडला होता, त्याचं बोलणं आता तिच्या तोंडात कायमचं बसवलं. चूक माझी होती, मी लक्ष ठेवलं नाही, असं ती स्वतःच्या आवाजात गेटागेटावर सांगत होती. कंपनीने जे तिच्यावर ढकललं होतं, ते तिनेच कबूल केल्यासारखं झालं.

ती शेडवर आली ती बसली नाही. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. ती उभीच.

"ताई, तुमी मला इकलाव का?"

मला शिव्या ऐकायची सवय आहे. ह्या धंद्यात बाईला काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही. पण असं मला कधी लागलं नव्हतं. मी ओरडले, म्हणजे रागाने नव्हे, मला दुसरं येतच नाही. "माझ्या आप्पांची शपथ, मला यातलं काही माहीत नाही!"

"शपतीचं ऐकूनच आलेय मी सकाळी," ती म्हणाली. "तुमी म्हणतावं तर खरं बी आसंल. पर गाणं तुमच्याच हातात दिलतं मी. ज्येनं कापलं त्येनं सांगावं. मोठ्यानं. मला ऐकू येईल आसं." आणि ती गेली. माइक टेबलावर ठेवून गेली.

मी टेम्पो काढला तो थेट केंद्रावर. संचालक जागेवर होते, पाठीमागच्या भिंतीवर आमचा तो फोटो.

"या या, बसा ताई! अहो, अभिनंदन करणार होतो तुमचं. किती कंपन्यांत पोचलं गाणं!"

"कुणी दिलं?"

"केंद्राने दिलं. सामाजिक संदेश आहे. एका सुरक्षा संघटनेने मागितलं, आम्ही आनंदाने दिलं. एक पैसा घेतला नाही, हे लक्षात घ्या."

"आणि कात्री?"

"थोडं संपादन केलं. कार्यक्रमाला साजेसं. तो मागचा आरडाओरडा तिथे बरा दिसला नसता."

"कात्री लावायची नाही, असं ठरलं होतं." मी फोटोकडे बोट केलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज जराही वाढला नाही. "प्रसारणाबद्दल ठरलं होतं. तुमच्या कार्यक्रमात कधी एक शब्द कापला? नाही ना? शब्द पाळला मी. रेकॉर्डिंग आमच्या स्टुडिओत झालेलं आहे, ते केंद्राचं आहे. ते पुढे कसं वापरायचं याबद्दल तुम्ही काही बोलला नव्हता."

खरंच नव्हते बोलले. हुशार लोक मला नंतर म्हणाले, एवढी पक्की व्यापारी तू, आणि हे विसरलीस? विसरले नव्हते. आमच्या बाजारात हे बोलायचंच नसतं. बैल बाजारात आणला, कुणाच्या झाडाच्या सावलीत बांधला, म्हणून तो त्या झाडवाल्याचा होत नाही. न विकलेलं जनावर ज्याचं त्याने घरी न्यायचं. हे तोंडाने सांगावं लागणारा माणूस आप्पांना उभ्या जन्मात भेटला नाही. मला भेटला. ह्याला माझी चूक म्हणायला मी तयार नाही. दार उघडं होतं म्हणून चोराला घरजावई करत नाहीत.

मग त्यांनी सौदा सुरू केला. मला वाटलं होतं तसाच. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा करू. रविवारी परत लावू. तुमच्या शेडवर एक माहितीपट काढू. वार्षिक समारंभात त्या मुलीचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. एकेक पायरी ते वर चढत होते आणि माझा चेहरा बघत होते. मी बसले होते दगडासारखी. जन्मात पहिल्यांदा समोरचा चढवत होता आणि मला पुढचा आकडा ऐकायचा नव्हता.

मी पंचा काढला, त्यांच्या हातावर टाकला आणि हात धरला. त्यांना वाटलं, जमलं. ते हसले. मी खालून त्यांची मधली दोन बोटं मुडपून तळव्यात दाबली आणि तशीच धरून ठेवली.

"अहो ताई, दुखतंय."

"आता उरलेल्या बोटांनी बोला. तिला काय सांगू?"

"हे काय चाललंय? सोडा!"

"तुम्ही तिच्या तोंडातलं तिचं बोलणं काढलंत आणि दुसऱ्याचं घातलंत. हे तुम्ही केलंत, एवढं माइकवर सांगायचं. दुसरं काही नको मला."

त्यांनी हात हिसकला आणि वॉचमनला हाक मारली. वॉचमन आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, चला ना, चहा घेऊ खाली." तोही गुरुवारी ऐकायचा. मी उठले. जाताना फोटो भिंतीवरून काढून घ्यावा असं वाटलं. मग म्हटलं, राहू दे. रोज बघू देत.

पुढच्या गुरुवारी माझ्या वेळेला मुरांबा होता. गेटवर सांगितलं, स्टुडिओत दुरुस्ती चालू आहे. दुरुस्ती अजून चालूच आहे.

पण गाणं शेडमध्येही एकदा टेपवर घेतलेलं होतं, तालमीच्या दिवशी, पत्र्यांच्या खडखडाटासकट. ते माझ्याकडे होतं. आणि माझ्याकडे भंगाराचा टेम्पो आहे, त्यावर स्पीकर आहे. 'भंगार, पत्रा, मोटार, बॅटरी' असं दिवसभर ओरडत तो गावोगाव फिरतो. ती टेप मी काढली आणि हे गाणं घातलं. सकाळची शिफ्ट सुटायच्या वेळी टेम्पो कंपन्यांच्या रस्त्याने सावकाश न्यायला लागले. स्वतः चालवते.

पहिल्याच दिवशी एका गेटवरचा सिक्युरिटी धावत आला. "ओ मॅडम, इथं भंगार नाही काही!"

"मी न्यायला नाही आले. हे गाणं तुमच्याकडं अर्धं आलंय, उरलेलं द्यायला आलेय."

बसची वाट बघणारी पोरं हसली. त्यातल्या एकाने शिटी मारली, "वाढवा ताई!" मी वाढवलं. पुढच्या गेटपर्यंत तिघं-चौघं मोटारसायकलवरून मागे आली, गाण्याबरोबर ओरडत. दोन-तीनदा मला अडवून पोलिसचौकीत नेलं. आवाज कमी ठेवा म्हणाले. भंगारवाल्यांचा स्पीकर बंद करा असं काही कुणाला म्हणता येईना, कारण मग लग्नाच्या डीजेला काय म्हणायचं.

ती मुलगी एकदा रस्त्यात भेटली. टेम्पोच्या आवाजाने थांबली होती. गाणं संपेस्तोवर ऐकलं. मी म्हटलं, बस, सोडते खोलीवर. बसली. उतरताना म्हणाली, "त्येनं सांगितलं का?"

"नाही अजून."

"मग माइक तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या." आणि दार लावून गेली.

तो माइक माझ्या टेबलावर आहे. तो मी विकणार नाही, कुणाला वापरायला देणार नाही. शेडवर कार्यक्रम चालू आहे, मोबाइलवरून, गुरुवारीच, पत्र्यांच्या आवाजासकट. हळदीच्या दुधाची आजी तिथेही पोचली आहे. पण माझा शब्द अजून लटकलेला आहे, आणि तो माझ्या हातून सुटणारा नाही, कारण तिला माझ्याकडून ऐकायचं नाही.

तेव्हा संचालक साहेब, हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही चोखंदळ आहात, वाचालच. गुरुवारी दुपारी, माझ्याच वेळेला, मुरांबा बाजूला ठेवा. माइक चालू करा. त्या मुलीचं गाणं मी कुणाला न विचारता दिलं, ते मी कापलं, आणि ती जे म्हणत नव्हती ते तिच्या आवाजात जगाला ऐकवलं, असं स्वतःच्या तोंडाने सांगा. तुमच्या मागे भिंतीवर फोटो आहे, आठवत नसेल तर वळून बघा. मग तिचं गाणं लावा, पुरतं. ते संपलं की ज्या कंपनीने तिला निष्काळजी ठरवलं, तिला फोन लावा आणि त्या मुलीचाच प्रश्न विचारा. सेन्सर कुणी काढला?